कॉम्प्युटिंग शिक्षणात आधी काय करायचं? संघटनेच्या एज्युकेशन कमिटीला सारखे पडणारे प्रश्न

कॉम्प्युटिंगवाल्यांच्या व्यावसायिक संघटनेत शिक्षणाचं काम बघणारी एक कमिटी असते. तिच्यावर नवीन आलेली मंडळी पहिल्या दोन-तीन मीटिंगमध्ये जे विचारतात (आणि जुनी मंडळी पाचव्या वर्षीही विचारतात) ते सगळं इथे एकत्र टाकलंय. उत्तरं माझी आहेत. अशा कमिटीवर मी बरीच वर्षं काढलीयत, मधे एकदा चेअर पण होतो, त्यामुळे कुठे वैताग डोकावला तर सांभाळून घ्या.

सगळंच महत्त्वाचं आहे, मग प्रायॉरिटी ठरवायचीच कशाला?

तिथेच तर गोची आहे. शाळेतलं कोडिंग, कॉलेजचा सिलॅबस, शिक्षकांचं ट्रेनिंग, मुलींचं प्रमाण, एथिक्स, एआय, सायबर सिक्युरिटी, नोकरी करणाऱ्यांना नवीन काही शिकवणं, शिकवण्यावरचा रिसर्च, सरकारकडे पाठपुरावा, यातल्या एकाचं जरी नाव घेऊन "हे आत्ता नको" म्हणून दाखवा बरं मीटिंगमध्ये. कोणी म्हणत नाही. मग सगळंच लिस्टमध्ये राहतं, प्रत्येकाच्या वाट्याला अर्धा माणूस आणि पाव बजेट येतं आणि वर्षाच्या शेवटी एक ना धड भाराभर चिंध्या. म्हणून कुठल्याही संघटनेचा प्लॅन हातात आला की मी आधी शेवटचं पान बघतो, काय करणार नाही ते कुठे लिहिलंय का. नसेल तर तो प्लॅन नाहीये, ती इच्छांची यादी आहे.

पण शिक्षण हे विद्यापीठांचं नि सरकारचं काम, संघटना त्यात का पडते?

कारण विषयच असा आहे की सुरुवातीला तो शिकवायचा कसा हे कोणालाच माहीत नव्हतं. एसीएम ही कॉम्प्युटिंगवाल्यांची मोठी आंतरराष्ट्रीय संघटना १९४७ मध्ये अमेरिकेत सुरू झाली तेव्हा कॉम्प्युटर सायन्स नावाची डिग्री नव्हती, आणि डिपार्टमेंटं निघायला लागली तेव्हा गणितवाले म्हणायचे आमचं, इलेक्ट्रिकलवाले म्हणायचे आमचं. १९६८ मध्ये एसीएमच्या कमिटीने पदवीला काय शिकवावं याचा पहिला मोठा आराखडा काढला, करिक्युलम ६८ म्हणतात तो, आणि त्याच सुमारास शिक्षणाचा खास गट म्हणजे सिग्सी उभा राहिला ज्याची पहिली परिषद १९७० मध्ये झाली. एकेकटं विद्यापीठ आपल्यापुरतं बघतं, सरकार निवडणुकीपुरतं बघतं (हे माझं मत), पण "हा विषय म्हणजे काय" हे सगळ्यांच्या वतीने कोणीतरी बोलावं लागतं. ते काम संघटनेचं. बाकीचं बहुतेक दुसरं कोणी करू शकतं, आणि हीच चाळणी प्रत्येक प्रपोजलला लावायची: हे आपण केलं नाही तर दुसरं कोणी करेल का? करेल असं उत्तर आलं तर सोडून द्या.

"कॉम्प्युटिंग शिक्षण" यात नक्की काय काय धरायचं?

नुसतं कॉम्प्युटर सायन्स धरलंत तर अर्ध्या लोकांना बाहेर ठेवलंत. एसीएम आणि तिच्यासारख्या दुसऱ्या संघटनांच्या २००५ च्या संयुक्त अहवालात पाच शाखा वेगळ्या मांडल्या होत्या: कॉम्प्युटर इंजिनिअरिंग, कॉम्प्युटर सायन्स, इन्फर्मेशन सिस्टिम्स, इन्फर्मेशन टेक्नॉलॉजी, सॉफ्टवेअर इंजिनिअरिंग. मग २०१७ मध्ये सायबर सिक्युरिटीची स्वतंत्र गाईडलाईन आली, २०२१ मध्ये डेटा सायन्सची. म्हणजे कुटुंब वाढतंच चाललंय. व्यवहारात इतकंच करा की कमिटीने एका वाक्यात लिहून ठेवायचं, या तीन वर्षांत आपण कोणत्या वयाच्या आणि कोणत्या कोर्सच्या विद्यार्थ्यांबद्दल बोलतोय. एवढं वाक्य नसेल तर सगळे वेगवेगळ्या मुलांना डोळ्यासमोर ठेवून भांडत बसतात, आणि दोन तासांनी कळतं की एक जण सातवीतल्या मुलीबद्दल बोलत होता आणि दुसरी पीएचडीवाल्यांबद्दल.

सुरुवात मेंबर्सच्या सर्व्हेने करायची ना?

आम्ही केली होती. तेवीस मुद्दे, प्रत्येकासमोर एक ते पाच आकडे, पाच म्हणजे अत्यंत महत्त्वाचं. उत्तरं भरभरून आली, मी रात्री शीट उघडून सरासरी काढली तर सगळ्यात वरचा मुद्दा ४.६ आणि सगळ्यात खालचा ४.१. आता यातून काय डोंबल ठरवणार? लोकांनी खोटं लिहिलं नव्हतं, प्रश्नच तसा होता, "हे महत्त्वाचं आहे का" असं सुटंसुटं विचारलं की माणूस हो म्हणतो, त्याच्या खिशातून काही जात नाही ना.

पुढच्या मीटिंगला एका सहकारी बाईंनी तेच शीट घेतलं आणि दोन कॉलम वाढवले, "कोण करणार" आणि "त्यासाठी काय थांबवणार". स्क्रीनवर टाकलं नि म्हणाल्या, भरा. पहिल्या कॉलममध्ये चार नावं आली, त्यातली दोन एकाच माणसाची. दुसरा कॉलम पूर्ण कोरा. पाच मिनिटं कोणी बोललं नाही, एक जण तर माईक म्यूट आहे का बघत होता. त्या दिवशी आमच्या खऱ्या प्रायॉरिटीज कळल्या, तीन होत्या, तेवीस नव्हत्या.

मग सर्व्हे करायचाच नाही?

करा की, पण टंचाई दाखवून करा. प्रत्येकाला शंभर गुण द्या नि वाटायला सांगा. किंवा दोन-दोन मुद्दे समोर ठेवून यातला एकच निवडा म्हणा. आणि एक प्रश्न नक्की घाला, "यातल्या कशासाठी तुम्ही महिन्याला चार तास द्याल?" मतं आणि तास यांच्यातली दरी बघण्यासारखी असते. एक मात्र लक्षात ठेवा की सर्व्हे भरणारे आधीच संघटनेत असलेले, बहुतेक कॉलेजात शिकवणारे, इंटरनेट व्यवस्थित असलेले लोक असतात, ज्या शाळेत कॉम्प्युटरचा तास खेळाच्या शिक्षकावर ढकललाय तो शिक्षक तुमचा मेंबरच नाहीये, त्याचं मत त्या शीटमध्ये कधीच येणार नाही. त्याला फोन करावा लागतो.

कमिटीत कोण कोण हवं?

मोठ्या विद्यापीठातले प्राध्यापक आपोआप येतात, त्यांची काळजी नको. मुद्दाम शोधून आणायचे ते शाळेतले शिक्षक, दोन वर्षांच्या कोर्सवाल्या कॉलेजांतले लोक (एसीएमने त्यांच्यासाठी वेगळी स्थायी समिती ठेवलीय ती उगाच नाही, ते मुख्य कमिटीत दबून जातात), लहान कॉलेजात एकटाच सहा विषय शिकवणारा, आणि इंडस्ट्रीतलं असं कोणीतरी जे स्वतः नवीन मुलांना रोज कामावर शिकवतंय. नुसतं मोठ्या हुद्द्यावरचं नाव नको, ते पहिल्या मीटिंगला येतं आणि मग गायब. दहाच्या वर माणसं घेऊ नका. आणि एक विद्यार्थी घ्या, पण त्याला शेवटी "आता तुझं मत सांग बाळा" असं विचारणार असाल तर घेऊ नका.

सिलॅबसची गाईडलाईन काढणं हेच मुख्य काम नाही का?

ते संघटनेचं सगळ्यात ओळखीचं काम आहे हे खरं. १९६८ नंतर १९७८, १९९१, २००१, मधे २००८ ची डागडुजी, मग २०१३ आणि आता सीएस २०२३. एसीएम आणि आयईईई कॉम्प्युटर सोसायटी (तशीच दुसरी व्यावसायिक संघटना) १९९१ पासून मिळून करतात, शेवटच्या वेळी एआयवाल्यांची ट्रिपल-एआय ही संघटना पण बरोबर होती.

पण मला यात गाईडलाईनपेक्षा तिच्यातली एक युक्ती जास्त आवडते आणि प्रायॉरिटी ठरवणाऱ्या प्रत्येकाने ती उचलावी. ती म्हणजे कोअर तास. प्रत्येक विषयाला वर्गात शिकवायचे किती तास हे मोजायचं आणि एकूण बेरजेवर नजर ठेवायची. २००१ मध्ये कोअर २८० तास होतं, २००८ मध्ये २९०, २०१३ मध्ये दोन थर केले, पहिला १६५ तास जो सगळ्यांनी शिकवायचाच, दुसरा १४३ ज्यातलं किमान ८० टक्के तरी झालं पाहिजे, म्हणजे मिळून ३०८. बघा, वाढतच गेलं. सिक्युरिटी आली, पॅरलल आणि डिस्ट्रिब्युटेड कॉम्प्युटिंग (एकच काम अनेक प्रोसेसर किंवा मशीन्सवर वाटून करणं) आलं, कोणीतरी जागा केलीच पाहिजे ना, पण डिग्रीची वर्षं काही वाढत नाहीत. मग २०२३ मध्ये सगळ्यांसाठीचा गाभा म्हणजे कोअर २७० तासांवर आणला आणि ज्या कॉलेजला एखाद्या विषयात खोल जायचंय त्यांच्यासाठी त्या विषयाचा वेगळा गाभा ठेवला. वीस-बावीस वर्षांत पहिल्यांदा आकडा खाली आला. तो खाली आणताना प्रत्येक विषयाच्या पंडिताची समजूत काढायला किती मीटिंगा लागल्या असतील याचा विचार करूनच मला घाम फुटतो.

तुमच्या संघटनेकडे पण असे "कोअर तास" असतातच, ते म्हणजे व्हॉलंटियर्सचे तास. आठ माणसं, प्रत्येकी महिन्याला चार तास, झाले बत्तीस. बत्तीस तासांत काय बसतं तेवढंच घ्या.

शाळा आधी की कॉलेज आधी?

सगळ्यात जास्त भांडण याच्यावर होतं. कॉलेजवाले म्हणतात आमचे मेंबर कॉलेजात आहेत, शाळावाले म्हणतात मुलं आमच्याकडेच गळतात, तुमच्यापर्यंत पोचतच नाहीत. दोघंही बरोबर.

एसीएमने यावर काय केलं ते बघण्यासारखं आहे. शाळेचं काम स्वतःच्या पोटात न ठेवता २००४ मध्ये शाळेतल्या कॉम्प्युटर शिक्षकांची वेगळी संघटना उभी करून दिली, सीएसटीए. शिक्षकांना स्वतःचं घर मिळालं. मग दोघांनी मिळून २०१० मध्ये अमेरिकेतल्या राज्यांचा आढावा घेतला, आणि त्यातला माझा आवडता भाग एकदम रुक्ष आहे. मुलं किती हुशार, लॅब किती चकाचक हे बाजूला ठेवून त्यांनी विचारलं की कॉम्प्युटर सायन्सचा कोर्स शाळा पास व्हायला लागणाऱ्या गणित किंवा विज्ञानाच्या क्रेडिटमध्ये धरतात का. फक्त नऊ राज्यांत धरत होते. बाकी ठिकाणी तो विषय घेणं म्हणजे हौस. आता अशा ठिकाणी तुम्ही कितीही सुंदर सिलॅबस लिहा, घेणार कोण? पोस्टर, स्पर्धा, आठवडे साजरे करणं या सगळ्यापेक्षा तो एक नियम बदलण्यामागे लागणं जास्त फायद्याचं होतं, आणि नंतरच्या वर्षांत बऱ्याच राज्यांनी तो बदलला पण.

इंग्लंडने तर शाळेत सक्तीचंच केलं, तसं का नाही मागायचं?

मागा, पण पूर्ण गोष्ट वाचून मागा. तिथे २००८ मध्ये शिक्षक, प्राध्यापक आणि इंडस्ट्रीतल्या लोकांचा कॉम्प्युटिंग ॲट स्कूल हा गट सुरू झाला, पुढे तो ब्रिटिश कॉम्प्युटर सोसायटीच्या छत्राखाली आला. जानेवारी २०१२ मध्ये रॉयल सोसायटीने (ब्रिटनची विज्ञान अकादमी) अहवाल दिला की शाळेत आयसीटी (माहिती आणि संपर्क तंत्रज्ञान) नावाने जे चाललंय ते पुरेसं नाही, आणि सप्टेंबर २०१४ पासून नवीन कॉम्प्युटिंग सिलॅबस लागू. पाच-सहा वर्षांत एवढं म्हणजे कमालच.

पण मग २०१७ मध्ये त्याच रॉयल सोसायटीने पुन्हा बघितलं तर चित्र तुकड्या-तुकड्यांचं आणि नाजूक होतं, निम्म्याहून जास्त शाळा सोळाव्या वर्षीच्या परीक्षेला कॉम्प्युटर सायन्स देतच नव्हत्या. शिक्षकच नव्हते हो! काल वर्ड-एक्सेल शिकवणाऱ्याला आज अल्गोरिदम शिकव म्हटलं. शिक्षकांच्या ट्रेनिंगला मोठा पैसा, ८ कोटी ४० लाख पौंडांपर्यंत, जाहीर झाला तो त्या अहवालानंतर, म्हणजे सिलॅबस लागू होऊन तीन वर्षांनी. वरातीमागून घोडं. तेव्हा शाळा ही प्रायॉरिटी घेणार असाल तर त्याच्या पोटात पहिली प्रायॉरिटी शिक्षक, दुसरी शिक्षक, आणि सिलॅबस त्यानंतर.

एआय आलंय, आता सगळी लिस्ट फेकून नवीन करायची का?

नाही. सीएस २०२३ चं काम २०२१ मध्ये सुरू झालं होतं, आणि निम्म्या वाटेत, नोव्हेंबर २०२२ मध्ये, चॅटजीपीटी आलं. त्यांनी सगळं थांबवलं नाही, जनरेटिव्ह एआयचा परिणाम काय यावर विचार करून तो आत घेतला आणि काम पुढे नेलं. मला वाटतं तेच बरोबर होतं.

माझा एक साधा नियम आहे: प्रायॉरिटीच्या वाक्यात कुठल्याही टूलचं नाव येऊ द्यायचं नाही. "विद्यार्थ्यांना अमुक एआय टूल शिकवणं" असं लिहिलंत तर दीड वर्षात ते वाक्य शिळं होणार. "दुसऱ्याने किंवा मशीनने लिहिलेला कोड वाचून त्यात चूक कुठे ते ओळखता येणं" असं लिहा, हे आधीही लागत होतं, आता जास्त लागतं, उद्याही लागेल. परीक्षा कशा घ्यायच्या हा प्रश्न मात्र खरोखर तातडीचा आहे, घरी करायची प्रोग्रामिंगची असाइनमेंट म्हणजे आता मार्कांचं वाटप झालंय आणि शिक्षक त्याने टेकीला आलेत. यासाठी तुमच्या बत्तीस तासांतले आठ तास काढा, एकमेकांच्या चाललेल्या नि फसलेल्या परीक्षा गोळा करा. फसलेल्या जास्त उपयोगी पडतात.

इंडस्ट्री म्हणते मुलांना काहीच येत नाही, त्यांचं ऐकायचं का?

ऐका, पण "काय येत नाही" हे उदाहरणासकट विचारा. पहिलं उत्तर कायम एखाद्या फ्रेमवर्कचं (ज्यावर प्रोग्राम उभा करतात तो तयार सांगाडा) नाव असतं. दोनदा अजून विचारलं की खरं बाहेर येतं, की मुलाला दुसऱ्याचा मोठा कोड वाचता येत नाही, अडलं तर विचारत नाही, स्वतःचा कोड तपासणाऱ्या टेस्ट लिहीत नाही. फ्रेमवर्क त्यांचं त्यांना शिकवू द्या, ते महिन्यात होतं.

एथिक्स, समावेशकता हे वेगळे मुद्दे ठेवायचे की सगळ्यात मिसळायचे?

मिसळायचं म्हटलं की विरघळून जातं आणि वेगळं ठेवलं की कोपऱ्यात पडतं, दोन्ही मी बघितलंय. त्यातल्या त्यात जमलं ते असं की प्रत्येक उपक्रमाच्या पानावर एक सक्तीची ओळ, "यातून कोण बाहेर राहतंय?" शिबिर शनिवारी असेल तर घरकाम करणारी मुलगी बाहेर राहते, फी असेल तर दुसरं कोणी. उत्तर नसेल तर पान परत पाठवायचं. एथिक्सच्या बाबतीत, एसीएमची आचारसंहिता १९९२ नंतर थेट २०१८ मध्ये बदलली, मधे इंटरनेट आलं, फोन आले, डेटाचा बाजार झाला, एवढा गॅप तुमच्या लिस्टला परवडणार नाही.

पुरावा हवा म्हणतात, पण पुरावा कुठून आणायचा?

असतो, आपण शोधत नाही. उदाहरण सांगतो, पहिल्या प्रोग्रामिंग कोर्समध्ये "निम्मी मुलं नापास होतात" हे मी कितीतरी वर्षं ऐकत आलो आणि तावातावाने सांगतही आलो. २००७ मध्ये दोन संशोधकांनी वेगवेगळ्या देशांतल्या कॉलेजांना खरंच विचारलं तर सरासरी ३३ टक्के निघालं, २०१४ मध्ये दुसऱ्यांनी छापलेले अभ्यास गोळा करून बघितले तर तेवढंच, आणि २०१९ मध्ये पहिल्याच दोघांनी परत विचारलं तर २८ टक्के. कमी नाहीये, पण निम्मं पण नाही, आणि कॉलेजा-कॉलेजात फरक प्रचंड. म्हणजे सगळ्यांसाठी एकच मोठी मोहीम काढण्याऐवजी जिथे आकडा वाईट आहे तिथे जाऊन बघणं जास्त शहाणपणाचं. शिकवण्यावरच्या रिसर्चची आयसर ही परिषद २००५ पासून चालू आहे, तिथले पेपर वाचायला कमिटीतल्या एकाला नेमून टाका, दर मीटिंगला दहा मिनिटं द्या.

प्रायॉरिटीज किती असाव्यात आणि किती दिवस टिकाव्यात?

तीन. चौथी आली की एक जाते. मुदत तीन वर्षं, दर वर्षी एकदा डोकावायचं पण उपटून मुळं बघायची नाहीत. चेअर बदलला की लिस्ट बदलायची ही सवय फार वाईट, त्यासाठी नवीन चेअर मुदतीच्या मधे येईल अशीच वर्षं ठेवा.

जुना उपक्रम बंद कसा करायचा? लोक दुखावतात.

दुखावतातच. आम्ही एक वार्षिक स्पर्धा बंद केली, येणारी मुलं दर वर्षी त्याच चार संस्थांची असायची हे आकड्यांत स्पष्ट दिसत होतं, तरी ती सुरू करणाऱ्या सरांनी माझ्याशी वर्षभर बोलणं सोडलं. चूक माझीच होती, मी मेलवर कळवलं. आधी भेटायला हवं होतं, शेवटची एक स्पर्धा त्यांच्या हातून थाटात करायला हवी होती, आणि कागदपत्रं, प्रश्नसंच नीट जपून ठेवायला हवे होते. आता नवीन उपक्रम सुरू करतानाच आम्ही शेवटची तारीख लिहितो. चालू ठेवायचा असेल तर कारण द्यायचं, बंद करायला कारण लागत नाही.

माझा विषय लिस्टमध्ये नाही आला, आता काय?

कॉम्प्युटिंगच्या इतिहासावर माझा जीव आहे, तीन वेळा मांडला, तीन वेळा खाली गेला. मी स्वतःचे तास घालून चार मित्रांबरोबर करतोय, संघटनेचं नाव न वापरता. "आत्ता नाही" अशी एक वेगळी यादी ठेवा, तारखेसकट, आणि पुढच्या फेरीला ती आधी उघडा. सीएसटीएसारख्या गोष्टी पण कोणीतरी बराच काळ लावून धरल्यामुळेच उभ्या राहतात.

यश मोजायचं कसं?

किती वर्कशॉप घेतले, किती सर्टिफिकेटं वाटली हे मोजू नका, ते मोजायला सोपं आहे म्हणूनच सगळे मोजतात. वर्कशॉपनंतर सहा महिन्यांनी दहा शिक्षकांना फोन करा आणि विचारा, गेल्या आठवड्यात वर्गात काय वेगळं केलंत? आम्ही पहिल्यांदा केले तेव्हा दहातल्या सहांना वर्कशॉप कशावर होता तेच आठवेना, दोघांनी जेवणाबद्दल तक्रार केली, आणि उरलेल्या दोघांनी मात्र अर्धा अर्धा तास फोन सोडला नाही. पुढच्या वर्षीचा वर्कशॉप आम्ही त्या दोघांनाच घ्यायला सांगितला.